फर्लोवरच्या साहेबाचा पगार कोणी सोसावा?

मूळ मत

ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतील युरोपीय अधिकाऱ्याला विलायतेस जायचे असेल, तर १७९६ पूर्वी पगारावर पाणी सोडावे लागत असे. त्या वर्षीच्या नियमांनी दहा वर्षांच्या नोकरीनंतर तीन वर्षांची फर्लो, म्हणजे मायदेशी जाण्याची लांब रजा, दिली, त्या काळात हुद्द्याचा पगार चालू ठेवला आणि ही तीन वर्षे धरून पंचवीस वर्षे भरली की त्याच पगारावर निवृत्त होण्याची मुभाही दिली. अधिकाऱ्याला रजा मिळू नये असे मी म्हणत नाही. माझा आक्षेप तिचा बोजा कोणावर पडला याला आहे. हा पैसा प्रामुख्याने इथल्या शेतसाऱ्यातून उभा राहत होता आणि इंग्लंडातल्या चेल्टनहॅमसारख्या गावांत खर्च होत होता. कोकणातल्या दापोलीच्या लष्करी छावणीत (कॅम्पात) स्थायिक झालेल्या सुभेदाराचे निवृत्तिवेतन निदान कोकणच्या बाजारात फिरत असे. कप्तानाच्या फर्लोचा एक पैसाही इकडे परतत नव्हता.

प्रतिसाद १

मी असहमत आहे. ज्याची चाकरी त्यानेच रजेचा पगार द्यावा, हा नियम कोणत्याही राज्यात योग्यच ठरेल. शिवाय फर्लोवर केवळ हुद्द्याचा पगार मिळे. बत्ता (पगाराखेरीज मिळणारा लष्करी भत्ता) आणि नेमणुकीचे भत्ते बंद होत, आणि मिळकतीचा मोठा भाग त्यांतच असे. जहाज आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडील केप ऑफ गुड होपला वळसा घालून जाण्याच्या काळात तीन वर्षांतील बरेच महिने समुद्रावरच जात. १७९६ पूर्वीची अवस्था आठवा: गरीब लेफ्टनंट एकतर कधीच घरी जात नसे, किंवा जाण्यापुरता पैसा खाजगी व्यापारातून आणि ठेक्यांतून उभा करी. त्या मार्गाने होणारी रयतेची लूट पगारी रजेपेक्षा स्वस्त होती, असे कोणी म्हणू शकेल का?

प्रतिसाद २

तत्त्व बाजूला ठेवून प्रत्यक्ष नियम पाहिले, तर ते कोणाच्याच हिताचे नव्हते असे मला वाटते. विलायतेस गेलेल्या अधिकाऱ्याची नेमणूक सुटत असे, परंतु केप ऑफ गुड होप कंपनीच्या सनदेच्या हद्दीत मोडत असल्याने तिथे रजा घेतली तर भत्ते टिकत. परिणामी आजारी माणसे प्रकृतीला काय मानवेल यापेक्षा भत्ता कुठे टिकेल हे पाहून केपला जात. मुंबई इलाख्यात गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी १८२८-२९ च्या सुमारास महाबळेश्वरला आरोग्यस्थान उभारले. सह्याद्रीच्या माथ्यावर थोड्या खर्चात प्रकृती सुधारत असेल, तर हा शहाणपणाचा मार्ग आधीच का धरला नाही, हा खरा प्रश्न आहे.

मूळ मत मांडणाऱ्याचे उत्तर

प्रतिसाद १ मधील ‘ज्याची चाकरी त्याचा पगार’ हा न्याय मला मान्य आहे, पण तो शिपायालाही लागू झाला पाहिजे. पायदळाच्या शिपायाला महिना सात रुपये मिळत. सिंध खालसा झाल्यावर तो मुलूख परका राहिला नाही, या कारणाने तिथला जादा बत्ता बंद केला गेला. १८४४ मध्ये बंगालच्या ३४व्या पलटणीने तिकडे कूच करण्यास नकार दिला, तेव्हा ती पलटणच बरखास्त झाली. १८५४ मध्ये अधिकाऱ्यांसाठी फर्लोचे नवे, अधिक सवलतीचे नियम आले. त्याच वर्षीच्या टपाल कायद्याने शिपायाची घरी विनाशुल्क पत्र पाठवण्याची सोय काढून घेतली. एका वर्षातील हे दोन निर्णय शेजारी ठेवल्यावर, शिपायाची सवलत काटकसरीसाठी काढली ही सबब मला पटत नाही.

प्रतिसाद १

शिपायावर अन्याय झाला, हे निर्विवाद आहे. मात्र त्यामुळे अधिकाऱ्याची रजा अन्याय्य ठरत नाही. शिपायाचा बत्ता राखायला हवा होता, एवढेच त्यातून सिद्ध होते.

प्रतिसाद ३

दोघेही रकमेवर वाद घालत आहात. माझ्या मते प्रश्न संमतीचा आहे. पुढच्या शतकातले उदाहरण घ्या, ते मुलकी नोकऱ्यांचे असले तरी. १९२४ मध्ये ली आयोगाने वरिष्ठ नोकऱ्यांतील युरोपीय अधिकाऱ्यांना आणि त्यांच्या पत्नींना सेवाकाळात चार वेळा विलायतेस जाण्यायेण्याचे भाडे द्यावे, अशी शिफारस केली. मध्यवर्ती विधिमंडळाने मोतीलाल नेहरूंची उपसूचना स्वीकारून आयोगाच्या शिफारशींना विरोध नोंदवला, तरीही त्या अमलात आल्या. १७९६ मध्ये तर विचारण्यासाठी असे सभागृहही नव्हते. सवलत रास्त होती की नव्हती हे ठरवण्याचा अधिकार पैसे भरणाऱ्याला कधीच नव्हता, आणि प्रतिसाद १ ला याचे उत्तर द्यावे लागेल.