स्टॅट्सनंतरचा इव्हॅल रिकामा का येतो
स्प्लंक या संगणकीय नोंदी (लॉग) तपासण्याच्या प्रणालीबद्दल एकाने प्रश्न विचारला आहे: स्टॅट्स या गटवार आकडेमोड करणाऱ्या आज्ञेने सर्व्हरनिहाय सरासरी प्रतिसादवेळ काढली, मग प्रत्येक विनंती त्या सरासरीहून किती मागे पडली हे इव्हॅल या नवा रकाना मोजणाऱ्या आज्ञेने काढले, तर तो रकाना रिकामा का येतो? स्प्लंकमध्ये स्टॅट्स मूळ नोंदी पुढे पाठवतच नाही. गटाचे नाव आणि सरासरी एवढेच उरते, त्यामुळे वजाबाकीला मूळ वेळ मिळत नाही. येथे इव्हेंटस्टॅट्स ही दुसरी आज्ञाच हवी, कारण ती प्रत्येक नोंद जशीच्या तशी ठेवून तिच्याशेजारी सरासरी मांडते. नागपूरला मिहानमधील आमच्या कार्यालयात ही प्रतिसादवेळ ‘१२० एमएस’ (मिलिसेकंद) अशी अक्षरांसह नोंदली जाते. अशी मूल्ये सरासरीतून मुकाट्याने वगळली जातात, म्हणून आधी इव्हॅलमधील रिप्लेस या फंक्शनने अक्षरे काढून टूनंबर या फंक्शनने त्या वेळेचा अंक करून घेणे मला अत्यावश्यक वाटते.