सोनीचा हेडफोन: एक्सएम४ घेऊ, एक्सएम५ की सरळ एक्सएम६? (भिंतीपलीकडे चादरीचे माग)

मागाशेजारीण
सोलापुरात अशोक चौकाच्या मागच्या बोळात राहते, पहिल्या मजल्यावर. भिंतीला लागूनच चादरीच्या मागांची शेड. काम घरूनच: मुलाखतींची रेकॉर्डिंग ऐकायची आणि टाइप करायची. बोलणारा जरा पुटपुटला की धोट्याच्या (मागावर आडवा धागा नेतो तो) खाडखाडीत शब्द गेलाच. मग मागे घ्या, पुन्हा ऐका.

सोनीचे डोक्यावरचे हेडफोन घ्यायचे, इथवर घरात एकमत आहे. पुढे भांडण. नव्या पेठेतल्या दुकानात डब्ल्यूएच-१०००एक्सएम४ सीलबंद पडलाय, तो २०२० चा. ऑनलाइन सेलमध्ये एक्सएम५ दिसतोय, २०२२ चा. आणि दीर म्हणतो, २०२५ चा एक्सएम६ सोडून दुसरं काही घेतलं तर पैसे पाण्यात. पैसे त्याचे नाहीत, हे सांगायला नकोच.

मला गाणी ऐकायची नाहीत, त्यामुळे एलडॅक (ब्लूटूथवर गाणी जास्त स्पष्ट पाठवायची सोनीची पद्धत), बेस वगैरेंचं कौतुक नको. चष्मा आहे, जाड वेणी आहे, आणि एप्रिलमध्ये इथे कानावर पदर सुद्धा सहन होत नाही. जुन्या-नव्यामुळे माग ऐकू येण्यात फरक किती पडतो, तेवढं सांगा. 'घर बदला' म्हणू नका. हे घर सासऱ्यांनी त्याच मागांवर राबून बांधलंय.

नवंच_घ्या
एक्सएम६. त्याला १२ माइक, एक्सएम५ ला ८. विषय संपला.

मागाशेजारीण
आमच्या दिराचंच खातं दिसतंय हे.

साउंडवाले_काका
ताई, मांडवात स्पीकर लावण्यात माझी हयात गेली, म्हणून माइकच्या आकड्यावर जाऊ नका म्हणतो.

शेडमधून दोन तऱ्हेचे आवाज येतात. एक मोटारींची आणि जमिनीची घुमघुम, सलग आणि खालच्या सुरातली. दुसरा, दांडा धोट्याला हाणतो तो दणका. हेडफोन बाहेरचा आवाज माइकने टिपतो आणि त्याची उलटी लाट कानात सोडतो. १०० हर्ट्झची लाट साडेतीन मीटरच्या आसपास लांब असते, तिथे उलटी लाट नीट बसते. १००० हर्ट्झला ती ३४ सेंटिमीटरवर येते, आणि जसजसं वर जाल तसतशी जुळणी अवघड. म्हणून घुमघुम तिन्ही मॉडेलं गिळतात. दणक्याचा टोकदार भाग अडवायचा तो कानावरच्या गादीनेच. तुमच्या बाजूने एकच चांगलं, मध्ये भिंत आहे. खिडकी लावलीत तर वरच्या सुरांचा बराचसा आवाज विटाच खातात.

नव्यांमध्ये सुधारणा आहे, नाही असं नाही, आणि ती मुख्यतः मधल्या सुरांत. पण चष्म्याची दांडी आणि वेणी यांनी गादीखाली फट राहिली तर नव्यातलाही फायदा तिथूनच निघून जातो. एक्सएम४ च्या मोबाइल ॲपमध्ये ऑप्टिमायझर आहे, म्हणजे हेडफोन डोक्यावर कसा बसलाय ते पाहून आवाज-बंदी जुळवणारी सोय, तो चष्मा घालून, केस नेहमीसारखे ठेवून चालवायचा. एक्सएम५ ते आपलं आपण करतो. दांडी बारीक असलेला चष्मा असेल तर तो काढा बाहेर.

दुकानातल्या सीलबंद डब्याचं म्हणाल, तर लिथियमची बॅटरी पडून पडूनही उतरते. डब्यावर उत्पादनाचा किंवा आयातीचा महिना-वर्ष छापलेलं असतं. आधी ते वाचा, मग भाव करा.

आणि एक, विचारलं नाहीत तरी. शेडमध्ये कामाला जाणाऱ्या कोणाला हे कान वाचवायला म्हणून देऊ नका. त्याला फोमचे बोळे नाहीतर कारखान्यात वापरतात तसले इअरमफच पाहिजेत.

हुतात्माने_पुणे
माझ्याकडे एक्सएम४ आहे. हुतात्मा एक्सप्रेसमध्ये चाकांची घरघर जवळजवळ जाते, कुर्डूवाडीला चहावाल्याची हाक मात्र स्वच्छ ऐकू येते. काकांचं म्हणणं पटतं ते यामुळेच. घडी होऊन पिशवीत बसतो. एक्सएम५ ला ती सोय नव्हती, एक्सएम६ ला परत दिलीय. तुम्ही घरीच बसणार, तुम्हाला घडीचं काय.

उन्हाळ्याचं खरं सांगू? घाम येतोच, तिन्हींत येईल. एक्सएम४ च्या गाद्या बाहेरच्या कंपन्यांच्याही मिळतात, खराब झाल्या की बदलायच्या. फक्त सैल बसणाऱ्या घेऊ नका.

मागाशेजारीण
काका, चष्म्याची दांडी जाडच आहे, बदलते. लाइट गेली की काय होतं तेही सांगा कोणीतरी. आमच्याकडे जाते ओ, आणि माग दुसऱ्या लाइनवर चालूच राहतात.

हुतात्माने_पुणे
आवाज-बंदी चालू ठेवून तिन्हींवर कंपनी ३० तासच लिहिते, तिथे भेद नाही. एक्सएम४ आणि एक्सएम५ चार्जिंगला लावले की वापरता येत नाहीत, एक्सएम६ येतो. रात्री लावून ठेवा, झालं.

मी भवानी पेठेत असतो. माझा एक्सएम४ आणून देतो, तुमच्या खोलीत बसून अर्धा तास तुमचंच रेकॉर्डिंग ऐका. दुकानाच्या शांततेत काय कळणार?

मागाशेजारीण
या की. दिरालाही बसवते समोर. फक्त मागांची सुट्टी असेल त्या दिवशी येऊ नका, आणि येताना ते ॲप मोबाइलमध्ये असू द्या. तोवर दुकानदाराला फोन करून डब्यावरचं वर्ष विचारून ठेवते. नवा असला तर भावाचं बोलणं मी करीन, दिराला पाठवणार नाही.