मदत हवी आहे: मोगरा पिवळा पडायलाय, फुलं येईनात

बालाघाटकर:
मोगऱ्याची पानं पिवळी पडायलीत. खत झालं, पाणी झालं, फरक शून्य. मागच्या उन्हाळ्यातही जेमतेम फुलं आली. आईला पूजेला अंगणातलाच मोगरा लागतो. फेब्रुवारी लागला, उन्हाळा तोंडावर आलाय. काय फवारायचं तेवढं सांगा, लवकर.

मांजराकाठ:
कुंडीत आहे का जमिनीत? ऊन किती? खत कोणतं दिलं? एवढ्यावरून काय सांगणार?

गोदामावशी:
बाळा, आंबट ताकात तांब्याची तार दोन दिवस बुडवून ठेव अन् ते ताक पाण्यात मिसळून बुडाशी घाल. आमच्या नांदेडच्या घरी वर्षानुवर्षं हेच करतो. बटमोगरा असा फुलतो की परडी पुरत नाही.

काळी_माती:
मावशी, ताकाचं ठीक आहे, पण तांबं कशाला? जास्त झालं तर मुळांनाच बाधतं.
बालाघाटकर, शेंड्याची कोवळी पानं पिवळी आहेत का खालची जून? अन् शिरा हिरव्या आहेत का? सगळं यावर अवलंबून आहे.

बालाघाटकर:
जमिनीत आहे. काळी माती, चांगली. शेंड्याचीच पानं, शिरा हिरव्या. दुकानदारानं युरिया द्यायला सांगितलं, तो दिला. पाणी बोअरचं. ऊन दुपारपर्यंत.

काळी_माती:
मग ही लोहाची कमतरता. उसावर केवडा पडतो ना, म्हणजे कोवळी पानं पिवळी-पांढरी पडतात, तोच प्रकार. नत्र कमी असतं तर आधी खालची पानं पिवळी पडली असती. आपल्याकडच्या बऱ्याच काळ्या जमिनीत चुनखडी असते, त्यात बोअरचं जड पाणी. जमिनीत लोह असतं, पण मुळांना उचलता येत नाही. युरियानं नुसता पाला वाढतो, कळी मागं पडते. तो आधी बंद करा.
एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) अन् १ ग्रॅम लिंबूसत्व (सायट्रिक ॲसिड). संध्याकाळी फवारा, आठ-दहा दिवसांनी परत. आधी एका फांदीवर मारून बघा. द्रावण ताजंच वापरा, तांबूस झालं की उपयोग नाही.

मोसंबीवाला_जालना:
फवारणीनं आज पान हिरवं होईल, पुढची फूट परत पिवळीच येणार. हिराकस जमिनीतूनच द्या. आमच्या बागेत तसंच देतो.

काळी_माती:
चुनखडीत नुसतं हिराकस टाकलं तर काही दिवसांतच त्याचं न विरघळणारं लोह होतं. पैसे मातीत.

मोसंबीवाला_जालना:
नुसतं कोण टाकतंय? कुजलेल्या शेणखतात मुरवून द्यायचं. पुस्तकातलं सांगू नका, बागेत येऊन बघा.

काळी_माती:
शेणखतात मुरवून असेल तर मान्य. नाहीतर चिलेटेड लोह घ्या, म्हणजे मुळांना उचलता येईल असं बांधून ठेवलेलं लोह, पण पाकिटावर ईडीडीएचए लिहिलेलं बघा. ईडीटीएवालं स्वस्त पडतं, पण चुनखडीत टिकत नाही.

हिंगोलीचा_पाऊस:
मोगऱ्याच्या वासानं साप येतो म्हणतात. घरात लेकरं असतील तर खिडकीपासून लांब लावा.

मांजराकाठ:
साप वासाला येत नाही, उंदीर-बेडकांच्या मागं येतो. बुडाशी पालापाचोळ्याचा ढीग साचू देऊ नका, बास. कशाला घाबरवायलात लोकांना?

गोदामावशी:
गजरा दुसऱ्या दिवशीपर्यंत टिकवायचा असेल तर फुगलेल्या, न उमललेल्या कळ्या पहाटे तोडाव्यात. ओल्या सुती फडक्यात, वर केळीचं पान. फ्रीजमध्ये उघड्या ठेवल्या की तपकिरी पडतात.

बालाघाटकर:
मावशी, आधी कळ्या तर येऊ द्या. बाकीच्यांनो, एकच झाड पिवळं का? दुसरं झाड पलीकडं आहे, पाणी तेच, ते हिरवंगार आहे. कंपाउंडची भिंत बांधली तेव्हापासून याचंच असं झालंय.

काळी_माती:
भिंत! सिमेंटचा माल कुठं कालवला होता?

बालाघाटकर:
तिथंच, झाडाजवळ. त्याचा काय संबंध?

काळी_माती:
सगळाच संबंध आहे. सिमेंटमधला चुना मुळाशी उतरलाय. झाडाभोवतीची कडक पापडी अन् खडी हातानं उचलून टाका. वरची वीतभर माती मुळं न दुखावता काढा, तिथं पोयटा अन् कुजलेलं शेणखत भरा. हे केल्याशिवाय कोणतीच फवारणी पुरणार नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठात किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात माती तपासून घ्या, अहवालात सामू (पीएच) अन् मुक्त चुनखडी दोन्ही बघा.

मोसंबीवाला_जालना:
हे पटलं. पावसाळ्यात पत्र्याचं पाणी पिंपात धरा अन् तेच याला द्या.

मांजराकाठ:
छाटणी केली का? मोगरा नव्या फुटीवर फुलतो. डिसेंबर-जानेवारीत पाणी तोडायचं अन् झाड गुडघाभर ठेवून छाटायचं.

बालाघाटकर:
छाटणी नाही केली. आता केली तर चालेल? आईला चैत्रात फुलं पाहिजेत.

मांजराकाठ:
नवी फूट निघाली नसेल तर याच आठवड्यात करा, पण या झाडाची हलकीच, वाळक्या अन् बारीक काड्या तेवढ्या. पूर्ण छाटणी पलीकडच्या हिरव्या झाडाची करा. चैत्रातली फुलं त्याच्यावरच येतील. पिवळ्याला या उन्हाळ्यात सावरू द्या.

परभणीकर_ताई:
माझी जास्वंद पण पिवळी पडली आहे, तिला हेच चालेल का?

काळी_माती:
ताई, कोवळी पानं का जून?