काळी बुरशी काचेखाली रंगहीन का दिसते? आणि कल्चर का येत नाही?

लॅबवही: दोन प्रश्न आहेत. म्युकरमायकोसिसला सगळे ‘काळी बुरशी’ म्हणतात, पण केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) घालून केलेल्या स्लाइडवर तंतू तर पारदर्शक दिसतात. जुन्या पुस्तकात हिचा गट ‘झायगोमायसिटीज’ दिलाय, नवीन नोट्समध्ये ते नावच नाही. दुसरं म्हणजे, सायनसच्या तुकड्यात केओएच स्पष्ट पॉझिटिव्ह असूनही सबुरो अगरवर (बुरशी वाढवायच्या माध्यमावर) काहीच उगवत नाही, असं का होतं? तुकडा खलात बारीक घोटून लावतात.

कवकमित्र: दुसऱ्याचं उत्तर आधी, कारण ते तुमच्याच वाक्यात आहे: घोटू नका! म्युकरच्या तंतूत आडपडदे जवळजवळ नसतात, म्हणजे तो एक लांब सलग नळा. एका जागी फुटला की आतला जीवरस वाहून जातो आणि तो भाग मरतो. अ‍ॅस्परजिलस या दुसऱ्या बुरशीचा तंतू तुटला तरी पडद्यामुळे बाकीचे कप्पे शाबूत राहतात. म्हणून निर्जंतुक ब्लेडने १-२ मिमीचे तुकडे करा आणि अगरमध्ये थोडे दाबून बसवा. माध्यमात क्लोरॅम्फेनिकॉल (जिवाणू रोखणारं औषध) चालेल, सायक्लोहेक्झिमाइड (काही बुरश्या रोखणारं) नको; त्याने म्युकर दबतो. त्वचेच्या बुरशीसाठी केलेल्या प्लेट चुकून वापरल्या जातात, तेही तपासा. एक संच २५ अंशांवर, एक ३७ वर. वाढ झाली तर दोन-तीन दिवसांत कापसासारखी झाकणापर्यंत पोचते.

आता रंग. काळी पडते ती बुरशी नव्हे, मेलेली ऊती. तंतू रक्तवाहिन्यांत शिरतात, गुठळी होते, पुढचा रक्तपुरवठा बंद पडतो. खऱ्या काळ्या बुरश्या वेगळ्याच. त्यांच्या पेशीभित्तिकेत मेलॅनिन असतं, उदाहरणार्थ क्रोमोब्लास्टोमायकोसिस करणारी फोन्सेकिया. २०२१ मध्ये वर्तमानपत्रांनी रूढ केलेलं नाव वर्गीकरणात घुसवू नका.

बीजाणू_१०: वर्गीकरणाचं थोडक्यात. झायगोमायकोटा हा एका पूर्वजाचा गट नाही हे डीएनए अभ्यासातून दिसलं, म्हणून २०१६ मध्ये तो मोडला. म्युकोरेल्स (म्युकर, ऱ्हायझोपस वगैरेंचा गण) आता म्युकोरोमायकोटात, तर बॅसिडिओबोलस आणि कोनिडिओबोलस झूपॅगोमायकोटात. अ‍ॅस्परजिलस, कॅन्डिडा, ट्रायकोफायटॉन हे सगळे अ‍ॅस्कोमायकोटा, क्रिप्टोकॉकस बॅसिडिओमायकोटा.

वॉर्डात मात्र एवढंच लागतं: म्युकर की अ‍ॅस्परजिलस? व्होरिकोनॅझोल हे बुरशीविरोधी औषध अ‍ॅस्परजिलसवर चालतं, म्युकरवर नाही. म्युकरला अ‍ॅम्फोटेरिसिन बी आणि शस्त्रक्रिया. बीटा-डी-ग्लुकॅन किंवा गॅलॅक्टोमॅनन (बुरशीच्या भित्तिकेतले घटक शोधणाऱ्या तपासण्या) निगेटिव्ह आलं म्हणून म्युकर नाही असं कधीच लिहू नका, या दोन्ही तपासण्यांत तो सापडतच नाही.

काचपट्टी: कवकमित्र, ‘आडपडदे नसतात’ यावर एक पुरवणी. हा रिबनसारखा तंतू दुमडला की घडी पडद्यासारखी दिसते, आणि मोजके खरे पडदेही असतात. फांदीच्या कोनावरही फार विसंबू नका, कव्हरस्लिप दाबली की कोन बदलतो. रुंदी मोजा. अ‍ॅस्परजिलस साधारण ३-५ मायक्रॉन आणि एकसारखा, म्युकर बहुधा ६-१५, कुठे फुगीर तर कुठे अरुंद.

केओएच १० ते २० टक्के, एकच थेंब. स्लाइड ओलसर झाकणात दहा-वीस मिनिटं ठेवा. सुकली की केओएचचे स्फटिक होतात आणि नवखा त्यांनाच तंतू समजतो. कॅल्कोफ्लोर हा चमकणारा रंग वापरलात तर कापसाचा धागाही चमकतो, कारण हा रंग सेल्युलोजलाही चिकटतो.

आणि केओएच पॉझिटिव्ह दिसताच डॉक्टरांना फोन करा, कल्चरची वाट पाहू नका. उलट, स्लाइडवर काही नसताना एकाच प्लेटवर ऱ्हायझोपस आला तर जरा थांबा. तो पावावरचा आणि हवेतला पाहुणा आहे, दुसरा नमुना मागवा.

लॅबवही: म्हणजे रिपोर्टमध्ये ‘म्युकर’ असं नाव केओएचवरून लिहायचं नाही ना?

काचपट्टी: नाही. ‘रुंद, विरळ पडद्यांचे रंगहीन तंतू, म्युकोरेल्सशी सुसंगत’ एवढंच. ऱ्हायझोपसची मुळं (मुळांसारखे तंतू) बीजाणू धरणाऱ्या दांड्याच्या बरोबर खाली, लिक्थायमियाची दोन दांड्यांच्या मध्ये, म्युकरला मुळंच नाहीत. हे कल्चरमधून लॅक्टोफिनॉल कॉटन ब्लू या निळ्या रंगात पाहून मग नाव. अपोफिसोमायसिस हा याच गणातला प्रकार सबुरोवर बीजाणूच धरत नाही, त्याचा तुकडा अन्नद्रव्य कमी असलेल्या वॉटर अगरवर टाका.