टिप घासल्यापासून सारखे मिसक्यू, नेमकं काय चुकलं?

लालनंतरकाळा
नमस्कार मंडळी. स्नूकर खेळायला लागून वर्ष झालं, स्वतःचा अ‍ॅशच्या लाकडाचा क्यू (खेळायची काठी) आहे, टिप, म्हणजे टोकाचं चामडं, साडेनऊ मिलीमीटरची. आतापर्यंत टिपला कधी हात लावला नव्हता पण गेल्या महिन्यात बघतो तर ती कडेने फुगून फेरूलच्या (टिपच्या मागची पितळी टोपी) बाहेर आलेली, अगदी भूछत्रीसारखी, म्हणून पॉलिश पेपर घेऊन बसलो आणि बाजूने वरून मस्त घासून काढली. तेव्हापासून सरळ शॉट ठीक बसतो, पण स्क्रू मारायला (बॉल मागे यावा म्हणून) खाली गेलो किंवा जरा साइड लावली (बॉलच्या डाव्या-उजव्या बाजूला मारलं) की टक्क, मिसक्यू, टिप बॉलवरून घसरते. चॉक (टिप घसरू नये म्हणून लावायचा खडू) दर शॉटला लावतो, त्यामुळे तो प्रश्न नाही. टिप झिरो नंबर पेपरने एकदम गुळगुळीत केलीय, नुसती चकाकतेय. अजून गोल करू की सरळ बदलूनच टाकू? आणि हो, पितळेच्या फेरूलवर ओरखडे पडलेत, त्याचं काय?

चॉकधूळ
"नुसती चकाकतेय" हे तूच लिहिलंयस भावा, तिथेच गोची आहे. चामडं चकाकलं की त्यात चॉक रुतायला जागाच उरत नाही, मग दहा वेळा लाव नाहीतर वीस वेळा. एक कर, चॉक लावून टिप दिव्याखाली तिरकी धर. मध्ये किंवा कडेला काळपट चट्टे उघडे दिसले ना, तिथे चॉक बसलेलाच नाहीये. खेळून खेळून पण टिप अशी गुळगुळीत होतेच, तू ते काम पेपरने एका संध्याकाळी उरकलंस 😄

खडबडीत करताना घासू नकोस. जाडा पेपर किंवा स्कफर (टिप खडबडीत करायचं हत्यार) टिपवर हलकेच दाबून उचलायचा, टिप जराशी फिरवायची, परत दाबायचा, बास. घासलं की चामडं जातं, दाबलं तर फक्त तोंड उघडतं. आणि चॉक म्हणजे ड्रिल मशीन नव्हे, गरगर फिरवून क्यूबमध्ये खड्डा पाडणारे बघितले की मला कसंसंच होतं. मधला भाग त्यात घुसतो आणि कडा कोरड्या राहतात, आणि साइड मारताना लागते ती कडच. ब्रश मारल्यासारखा चारी बाजूंनी फिरव.

बॉलची_त्रिज्या
वरचं सगळं बरोबर, पण मला आकाराचाही संशय येतोय. वरून घासताना पेपर सपाट धरला होतास का? मग टिप चपटी झाली असणार. थोडा हिशोब करू, कंटाळा आला तर पुढच्या उत्तरावर जा.

स्नूकरचा बॉल ५२.५ मिलीमीटरचा, म्हणजे त्रिज्या २६.२५. मध्यापासून त्रिज्येच्या साधारण निम्म्यावर मारलं की मिसक्यूची हद्द येते, त्यापलीकडे कितीही चॉक असला तरी टिप घसरते. आता त्या हद्दीवर मारताना टिपचा कुठला भाग बॉलला लागतो? टिपच्या गोलाईची जी त्रिज्या असेल तिच्या निम्म्या अंतरावरचा. गोलाई ९ मिलीमीटर त्रिज्येची असेल तर टिपच्या मध्यापासून साडेचारवर. साडेनऊच्या टिपची कड आहे पावणेपाचवर, म्हणजे जेमतेम आत. गोलाई चपटी, समजा १२ ची असेल तर तो बिंदू येतो ६ वर, जिथे तुझी टिपच संपलेली आहे! मग बॉलला लागतो तो टिपचा काठ, आणि तो टक्क आवाज त्याचाच.

उलट पार अर्धगोल केली तर सरळ शॉटलाही बॉलला अगदी कमी चामडं लागतं आणि टोक लवकर बसतं. ९ च्या आसपासची गोलाई म्हणजे टिपचा मध्य कडेपेक्षा फक्त दीडेक मिलीमीटर वर. दिसायला फार काही वाटत नाही, पुरतं मात्र तेवढंच.

जुना मार्कर
हिशोब ठीक आहे पण टेबलावर कोण मोजत बसतंय 🙂 मी हाताने सांगतो.

आधी फुगलेली कड. क्यू उलटा करायचा, टिप लाकडी फळीवर घट्ट टेकवायची आणि नवीन ब्लेडने फेरूलला लागून खाली फळीकडे थोडं थोडं कापत यायचं. एकदम मोठा तुकडा काढायला गेलात तर चामडं फाटतं. त्याआधी फेरूलला कागदी चिकटपट्टीचे दोन वेढे द्या, ते दिले असते तर ओरखडे आलेच नसते. आता आलेत ते राहू द्या, खेळात काही फरक पडत नाही. पितळ चमकवायला जाल आणि पेपर लाकडावर जाईल. हे मी स्वतः करून बसलोय, दर वेळी टिपबरोबर लाकडावर पण दोन हात मारायचो, वर्षभराने बोट फिरवलं तर फेरूलच्या खाली लाकूड बारीक झालेलं, चक्क पायरी लागत होती. ते काही परत येत नाही.

मग आकार. पेपर अंगठ्याच्या पोटाखाली धरा, म्हणजे तो आपोआप वाकतो. मध्यापासून कडेकडे, वरून खाली ओढायचा. खालून वर ओढलात तर चामड्याचे पदर सुटतात. दोन हात मारा, टिप जरा फिरवा, परत दोन.

शेवटी बाजू घोटायची. बोटावर जरासं पाणी (आम्ही थुंकीच लावायचो, खोटं कशाला बोलू) कडेला लावा आणि चामड्याच्या तुकड्याने बोट भाजेपर्यंत जोरात घोटा. कड काळी आणि कडक होते, मग परत लवकर फुगत नाही. फक्त बाजू बरं का, वरचं तोंड नाही.

चॉकधूळ
+१. एल्कमास्टरसारखी मऊ टिप असेल तर फुगणारच. काहीजण लावायच्या आधी ती व्हाइसमध्ये दाबून ठेवतात, म्हणजे कमी फुगते. थरांच्या टिपा आकार जास्त टिकवतात पण ठोका वेगळा लागतो, मला तरी नाही जमलं.

लालनंतरकाळा
सगळ्यांना थँक्स. अंगठ्यावरची ट्रिक केली, पेपर खरंच टेबलावर सपाट ठेवून घासला होता मी 🤦 आता खाली मारलं की स्क्रू येतोय, वीसेक शॉटमध्ये एकच मिसक्यू. पण टिप आता कडेला जेमतेम एक मिलीमीटर उरलीय आणि कधीकधी ठोका भद्द येतो. टिपचा ग्लू सुटत असेल का?

जुना मार्कर
कडेची फट उजेडात बघा आणि टिप अंगठ्याने बाजूला रेटून बघा. हलली तर सुटलीय. नाही हलली तरी एक मिलीमीटरवर खेळू नका, पितळ बॉलला लागेल. बदलाच. जुना सुपरग्लू फेरूलवरून पूर्ण काढा, टिपची पाठ आणि फेरूलचं तोंड दोन्ही सपाट करा (इथे पेपर टेबलावरच ठेवायचा, या वेळी चालतं), जेल प्रकारचा ग्लू एकच थेंब, दाबून धरा आणि रात्रभर हात लावू नका.

लालनंतरकाळा
रात्रभर??? उद्या सकाळी फ्रेम ठरलीय 😭

चॉकधूळ
मग उद्या सेंटर बॉल खेळ, बॉलच्या मध्यावरच मार, स्क्रू-साइड नको.