हाइड झालेला डॉक्टर बघून आम्ही हसायचो, भाची रडली. असं का?

रानजाई:
नमस्कार मंडळी. परवा भाचीला 'हाइड अँड हेअर' हे कार्टून दाखवलं. दिग्दर्शक फ्रिझ फ्रेलेंगचं, १९५५ चं. बागेत बग्ज बनीला रोज गाजर देणारा एक सज्जन, लाजराबुजरा डॉक्टर असतो. बग्ज हट्टाने त्याच्याच घरी राहायला जातो आणि डॉक्टर निघतो जेकिल! औषध प्यायला की हाइड नावाचा हिरवा राक्षस होतो आणि बग्जच्या मागे लागतो. शाळेत असताना कार्टून नेटवर्कवर हे बघून मी पोट धरधरून हसलेय. भाची सहा वर्षांची आहे. ती आधी टीव्हीकडे बघून ओरडली, "अरे, त्याच्याकडे नको ना जाऊ!" आणि मग रडायलाच लागली. हीच मुलगी 'डॉ. जेकिल अँड मिस्टर माउस'मध्ये दूध पिऊन जेरी पहिलवान झाला की टाळ्या वाजवते. रूप तर दोन्हीकडे बदलतं. मग एकीकडे रडू आणि एकीकडे टाळ्या, हे कसं? आणि तिला पुढे काय दाखवू?

गारवेल:
मला वाटतं चेहऱ्याचा फरक आहे. जेरीची छाती फुगते, चाल बदलते, पण चेहरा आपल्या ओळखीचाच राहतो. डॉक्टरचा हाइड झाला की ओळखीचं काहीच उरत नाही. माझा मुलगाही लाल डोळे दिसले की उशीमागे लपतो.

चौकट:
गारवेल म्हणतात ते आहेच. पण रानजाई, तुमच्या भाचीने ओरडून जे सांगितलं त्यात याहून जास्त आहे. मी ॲनिमेशन शिकवतो आणि फ्रेलेंगची ही कार्टून्स दरवर्षी वर्गात लावतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जेकिल आणि हाइडची मूळ कथा लेखक स्टीव्हनसनची, १८८६ ची. सिनेमाला त्यात सगळ्यात मोठं आव्हान होतं ते माणूस डोळ्यांदेखत बदलताना दाखवायचं. त्या कथेवरच्या १९३१ च्या चित्रपटात कॅमेरामन कार्ल स्ट्रसने जेकिल झालेल्या फ्रेडरिक मार्चच्या चेहऱ्यावर रंगीत मेकअप वापरला आणि लेन्सपुढचे रंगीत फिल्टर बदलत नेले. फिल्म कृष्णधवल असल्यामुळे आधी न दिसणाऱ्या रेघा हळूहळू उमटत जातात. लोक थक्क झाले. आता कार्टूनवाल्याची पंचाईत बघा. सिल्वेस्टर बोका एरवीही दाराखाली चेपून कागदासारखा होतो, टॉमचं डोकं तव्याच्या आकाराचं होतं. जिथे सगळ्यांची शरीरं रोजच बदलतात, तिथे रूप बदलण्याचं अप्रूप कसलं?

फ्रेलेंगने ही कथा तीनदा घेतली: १९५४ ला सिल्वेस्टर, १९५५ ला बग्ज, १९६० ला ट्वीटी हा पिटुकला पक्षी. माझ्या मते त्याने तिन्ही वेळा विनोद बदलणाऱ्याकडून काढून बघणाऱ्याकडे नेला. कुणाला कळलंय आणि कुणाला नाही, यावर सगळं चालतं. बग्जला पत्ताच नाही की डॉक्टर आणि राक्षस एकच. तो राक्षसापासून पळतो तो थेट डॉक्टरच्याच आश्रयाला. आपल्याला माहीत असतं, त्याला नसतं, आणि त्या फटीत आपण आरामात बसून हसतो. सहा वर्षांच्या मुलीला तिथे बसवत नाही. तिला जे कळलंय ते तिला बग्जला सांगायचं असतं आणि तो ऐकत नाही. तिचं रडू मला त्या असहायतेचं वाटतं.

त्यात डॉक्टर वाईट नाही. शुद्धीवर आला की शरमतो, पुन्हा पिणार नाही म्हणतो, आणि पुन्हा पितो. हे मोठ्यांनाही नीट बघवत नाही. मला तर बग्जपेक्षा त्याचंच वाईट वाटतं.

आता जेरी. टॉमने त्याला मारायला दुधात विषारी रसायनं मिसळलेली असतात आणि तेच दूध जेरीला बळ देतं. म्हणजे इथे दुबळ्याला ताकद मिळते आणि ती वेळेआधी ओसरेल का, एवढीच धाकधूक असते. शेवटी टॉम स्वतः ते मिश्रण पितो आणि जेरीहून लहान होतो! तिने टाळ्या वाजवल्या यात नवल नाही. १९४७ च्या ऑस्करसाठी याचं नामांकन होतं, पण बाहुली नेली फ्रेलेंगच्याच 'ट्वीटी पाय'ने.

गारवेल:
मग १९५४ च्या सिल्वेस्टरमध्ये फट कुणात असते?

चौकट:
दोन कुत्र्यांत. आल्फी हा धटिंगण बुलडॉग आणि त्याच्या मागेमागे करणारा छोटा चेस्टर. आत गेलेल्या आल्फीला राक्षस झालेला बोका झोडपतो. चेस्टर बघतो तेव्हा मात्र बोका पुन्हा एवढासा, भेदरलेला. त्यामुळे चेस्टरला वाटतं, आल्फी घाबरट निघाला, आणि तो त्याला पुन्हा आत ढकलतो. मार खातोय तो दांडगट, त्यामुळे कुणाची काळजी वाटत नाही. त्या औषधात शेवटी एक माशी पडते, तिथे वर्ग दरवर्षी हसून कोसळतो.

रानजाई:
हे वाचून तिचं ओरडणं आठवलं. अगदी तसंच झालं होतं. तिला 'पिनोकिओ' दाखवायचा विचार होता, तो चालेल?

चौकट:
इतक्यात नको. १९४० च्या त्या चित्रपटात पिनोकिओचा दोस्त लँपविक गाढव होतो. सुरुवात हसण्यानेच होते, पण आपलं काय होतंय हे त्याला कळतं, आईला हाक मारताना आवाज गाढवाचा निघतो, आणि परतीची वाट नसते. तिथे कुणीच हसत नाही.

आधी १९५४ चा सिल्वेस्टर लावा. ट्वीटीचा राक्षस सिल्वेस्टरच्या स्वप्नातला आहे, तोही चालेल, फक्त स्वप्न आहे हे तिला आधीच सांगून टाका. आणि गूफीचं १९५० चं 'मोटर मेनिया' जरूर दाखवा. मुंगीवरही पाय न देणारा मिस्टर वॉकर गाडीत बसला की मिस्टर व्हीलर होतो. औषध नाही, बाटली नाही, नुसतं स्टिअरिंग! ते तुम्ही मोठ्यांनीही बघा. 'हाइड अँड हेअर' दोनेक वर्षं राहू द्या.