मागीलदारच्या गमती: पाखरं, मासे आणि इतर मंडळी (अनुभव धागा)

आगरातली
काल भावाने गावाहून एक क्लिप पाठवली. दिसत काहीच नाही, नुसता पाऊस, आणि तळीकडून पाणकोंबडीचं कुवाक कुवाक कुवाक. ऑफिसच्या कँटीनमध्ये कानाला लावून परत परत ऐकत बसले, चहा गार झाला.

आमचं घर गुहागरच्या बाजूला. पुढचं अंगण पाहुण्यांचं, खरं घर मागीलदारी. न्हाणीचं सांडपाणी अळवाला आणि केळींना, त्यापुढे पोफळी, मग विहीर. अळवात बेडूक, बेडकांसाठी धामण, धामणीच्या मागावर मुंगूस. आई धामण दिसली की "जाऊ दे, उंदीर खाते, भाडं मागत नाही" म्हणून भांडी घासत राहायची. भारद्वाज दिसला की आजी खूश, दिवस चांगला जाणार. तो मात्र निवांत गोगलगायी वेचत फिरायचा. दुपारी चुलीच्या राखेत फणसाच्या आठळ्या पुरायच्या आणि कुणाची आधी फुटते यावर भांडायचं.

तुमच्या मागीलदारी कोण कोण यायचं? काय शिजायचं? लिहा. शुद्धलेखन तपासणार नाही.

बंदरावरचो
माझो आजो पाग (हातान फेकूचा जाळा) मारूक जाय आणि मी पिशयी धरून मागसून. खाडीत मांडीभर पाण्यात उभो रवान तो पाग असो फेकी की पाण्यार गोल पडतलोच. माका अजून जमना नाय, माझो पाग चौकोनी पडता. घराक येवच्या आधी आये चुलीर तवो ठेवन रव. मिळालो तो मासो, मीठ, हळद, कोकम, बस.

फणसवेडी
आठळ्या!!! नका हो लिहू असं. बंगळुरूत फणस मिळतो, राखेची चूल कुठून आणू

चिपळूणकरीण
आमच्याकडे जून लागला की पडवीच्या काचेवर एखादा तिबोटी खंड्या आपटतो. पहाटेच्या अंधारात खाली खाली उडत येतात आणि काच दिसत नाही बिचाऱ्यांना. एवढासा, चिमणीपेक्षाही लहान, पण रंग बघाल तर जांभळा, पिवळा, शेंदरी, सगळं एकाच अंगावर. पावसाळ्यात इकडे वीण करायला येतो, ओढ्याकाठच्या मातीच्या दरडीत बीळ करतो. पिल्लांना पाली नि सापसुरळ्या आणून देतो. आपटून पडला की मी पुठ्ठ्याच्या खोक्यात झाकून ठेवते, पाणीबिणी पाजत नाही. बरेचदा तासाभरात शुद्धीवर येऊन भुर्र. आता काचेवर जुना पडदा बाहेरून टांगलाय, पावसाळाभर. शेजारी हसतात, हसू देत.

आगरातली
@चिपळूणकरीण पडदा बाहेरून ही आयडिया आवडली. भावाला सांगते.

दर्याकाठची
आमच्या कोळीवाड्यात १ जून ते ३१ जुलै मोठ्या होड्या वर ओढलेल्या. त्या दोन महिन्यांत घरात माणसं जास्त दिसतात 😄 बापलोक जाळी सांधत बसतात, आम्ही डब्यातला सुका जवळा नि सोडे काढतो. सोडे घातलेलं वांगं, बाजूला तांदळाची भाकरी. ताजं म्हावरं नाही म्हणून कुणी रडत नाही, उलट ते दिवस आवडतात. नारळी पुनवेला दर्याला नारळ दिला की परत पळापळ सुरू.
(एवढ्यात सासूबाईंनी हाक मारली, नंतर लिहिते)

खाडीवरचा_मास्तर
@बंदरावरचो तुमचे आजोबा पंचांग बघून जायचे का? आमचे काका तिथीची पाऊणपट करायचे. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे पूर्ण भरती तीनच्या सुमारास. त्यामागे सहा तास सरकलं की ओहोटी. अवस-पुनवेला भरती बाराच्या आसपास, म्हणून सकाळी सहा-सातला पाणी लांब आत जातं आणि खडकावरची कालवं उघडी पडतात. अष्टमीच्या भांगाला पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही, तेव्हा काका घरीच. आता मोबाइलवर भरतीचं टाइमटेबल असतं, पण मी अजून आधी बोटांवर मोजतो आणि मग मोबाइल बघतो. थोडी मिनिटं इकडे तिकडे होतात.

बंदरावरचो
मास्तर, पंचांग नाय. आजो खळ्यात उभो रवान वाऱ्याचो वास घेय आणि म्हणा "आज नको." मगे नाय तर नाय.

रानभाजीवाली
विषय मासेच झाले सगळे. आमच्या मागीलदारी वारुळापाशी पावसाळ्यात अळंबी उगवतात, त्याचं कुणीच लिहिना. घरच्या जाणत्या बाईने ओळखली तरच तोडायची हां. कांदा खोबरं घालून सुकी. मटण झक मारतं.

शेताच्या_बांधावर
पहिला जोराचा पाऊस झाला की रात्री चढणीचे मासे! बॅटरी घेऊन सगळी वाडी शेतात, मळ्ये, शिंगट्या, हाताने पकडायचे. चिखलात आपटायचं, आई ओरडायची, सकाळी तिरफळ घालून तिखलं (माशाचं तिखट कालवण). स्वर्ग

खाडीवरचा_मास्तर
चव मान्य. पण ते मासे अंडी घालायला वर चढतात, पोटात गाबोळी भरलेली असते. पूर्वी वाडीतली पोरं हाताने पाच-दहा धरायची. आता ओढ्यात आडवं जाळं लावतात, एकही वर जात नाही. मग "हल्ली मासेच राहिले नाहीत" म्हणायचं.

शेताच्या_बांधावर
मास्तर, शाळा सुटली तरी तास चालूच 😀 बरोबर आहे पण. आमच्या ओढ्यातही जाळी दिसतात आणि लावणारे आमचेच लोक.

दिवेआगरची
सगळं वाचतेय. आमच्या वाडीत दुपारी बाराला पण सावली असायची, आंबे, माड आणि पोफळी. पाखरं तर हळद्या, तांबट, शिंजीर, कोण नाही असं नव्हतं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्याच अंगावरून गेलं. काही तासांत पोफळी ओळीच्या ओळी आडव्या. दुसऱ्या दिवशी मागचं दार उघडलं तर आभाळच आभाळ. सासरे काही बोलले नाहीत, कोयता घेऊन फांद्या तोडायला लागले. नवीन लावलेल्या पोफळींना सुपारी धरायला सहा-सात वर्षं तरी जातात. आता रोपं माझ्या डोक्याच्या वर गेलीत आणि गेल्या पावसात शिंजिराने जास्वंदीवर घरटं टांगलं. कोळिष्टकं, काटक्या, अगदी भिकार दिसतं, पण भारी बनवतात.

चिपळूणकरीण
🙏 तुमच्या सासऱ्यांना नमस्कार सांगा.

रानभाजीवाली
@दिवेआगरची तुमच्याकडे सुपारीचं जातिवंत रोप मिळेल का? आमची दोन वाळली.

दिवेआगरची
हो ताई, निरोपात नंबर टाका.

माळ्यावरचा_भाडेकरू
आमच्या कौलांखाली कांडेचोर राहतो. आधी रात्री माळ्यावर धाडधाड, आई म्हणे भूत. मग अधूनमधून बासमती शिजल्यासारखा घमघमाट यायला लागला, तेव्हा आजीने सांगितलं, भूत कसलं, उदमांजर आहे ते, त्याच्याच अंगाचा वास. चिकू पिकले की आमच्याआधी त्याला कळतं. अर्धा खाऊन अर्धा आमच्यासाठी ठेवतो, माणुसकी आहे.

फणसवेडी
माणुसकी 😂😂

दर्याकाठची
आले परत. काय सांगत होते विसरले. @शेताच्या_बांधावर तिखल्यात तिरफळ बियांसकट घालता का? आमच्यात बांगड्याला घालतात.

शेताच्या_बांधावर
नाही नाही, काळी बी काढून टाकायची, कडू लागते. नुसती सालं, जराशी ठेचून, शेवटी. आणि जेवताना ताटात बाजूला काढायची, नाहीतर जीभ बधीर.

फणसवेडी
इथे तिरफळ कुठे मिळेल बंगळुरूत?? कुणी सांगा, मंगळूरकडच्या दुकानात बघू का

दर्याकाठची
बघा. नाही मिळाली तर सांगा, आमच्याकडे डबा भरलाय.